गुरुजींच्या मागून पाच जण

स्लाऊ,
२३ एप्रिल २०२५

प्रिय शशीदादा,

सप्रेम सलाम.

फोन न करता पत्र लिहितेय. फोनवर या विषयाला तोंड फुटलं की मी रडते, तू ओरडतोस आणि दोन्ही घरची माणसं दारं लावून घेतात. पत्रात निदान माझं वाक्य पुरं होतं.

बातमी अशी की ईस्टरच्या रविवारी आमच्या चर्चमध्ये सहा जणांचा बाप्तिस्मा झाला. सहाही तामांग. मागे सांगितलं होतं ना, ब्रिटिश फौजेतून रिटायर झालेले नेपाळी म्हातारे? गुरखा म्हटलं की लोकांना सगळे सारखेच वाटतात, पण हे तामांग त्यांच्यातही मूठभर, आणि धर्माने बौद्ध. आमच्या भागात त्यांची अकरा घरं. आमच्या मिशन कमिटीकडे दोन वर्षांपूर्वी एक प्रार्थनेचं कार्ड आलं होतं, सुवार्ता न पोचलेल्या छोट्या समाजांचं. त्यावर यांचं नाव होतं. पास्टर नील म्हणाले, "हे तर आपल्या बस स्टॉपवर उभे असतात की!" पण बोलणार कोण? इंग्रजी त्यांना बेताचं. हिंदी मात्र सगळ्यांना येतं, सिनेमांची कृपा. चर्चमध्ये हिंदी येणारी मी एकटी, तेव्हा काम माझ्या गळ्यात पडलं.

दोन वर्षं दर मंगळवारी मी फार्मसीतून अर्धा दिवस सुट्टी घेते. हॉलमध्ये आधी इंग्रजीचा तास, मग जेवण, शेवटी दोन गाणी आणि प्रार्थना. पहिल्या आठवड्यात चीज सँडविच ठेवली होती. बिचाऱ्यांनी ती औषधासारखी खाल्ली. दुसऱ्या आठवड्यापासून मी वरणभात, बटाट्याची भाजी आणि टोमॅटोची चटणी करायला लागले, तेव्हा चाराचे एकोणीस झाले. कुणाचा फॉर्म भर, कुणाच्या डॉक्टरला फोन लाव, कुणाच्या कानातल्या मशीनची बॅटरी बदल, हे सगळं वर.

त्यांचे पुढारी सर्जंट हर्कमान मोक्तान, वय एक्याऐंशी. सगळे त्यांना 'गुरुजी' म्हणतात. फौजेत वरिष्ठाला तसंच म्हणायची त्यांची रीत आहे. झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारी, पास्टरनी विचारलं, ज्यांना प्रभूला स्वीकारायचं असेल त्यांनी पुढे यावं. मी ते हिंदीत सांगितलं. मिनिटभर कुणी हललं नाही. मग गुरुजी उठले, कोटाचं बटण लावलं आणि सरळ पुढे चालत गेले. त्यांच्या मागून पाच जण. दादा, मला हुंदका आवरेना. पुढच्या रविवारी सहाही जण बाप्तिस्म्याच्या हौदात उतरले.

रिपोर्ट मीच लिहिला. मिशनच्या पत्रिकेत फोटोसकट येणार आहे.

तुला राग येणार हे ठाऊक आहे. तरी तुलाच सांगावंसं वाटलं. गावी ओढ्याच्या अलीकडे आम्ही ख्रिस्ती साळवे, पलीकडे तुम्ही बौद्ध साळवे, आणि आपले पणजोबा सख्खे भाऊ. एवढा आनंद सांगायला या देशात तुझ्याशिवाय माझं आहे कोण?

तुझी,
वैजू


क्रॉयडन,
४ मे २०२५

प्रिय वैजू,

सप्रेम जय भीम.

पत्र दोनदा वाचलं. ओरडलो नाही, तुझी सुमनवहिनी साक्षीला आहे.

राग आलाय, पण तू समजतेस त्याचा नाही. माणसाने धर्म बदलू नये असं मी कोणत्या तोंडाने म्हणू? आमच्या घरात तेच झालं आणि मी ते छाती पुढे काढून सांगतो. १४ एप्रिलला कॅमडेनला, किंग हेन्रीज रोडवर बाबासाहेब राहत त्या घरासमोर, मी तेच भाषण ठोकलं: बाबासाहेबांनी वीस वर्षं विचार केला, वाचलं, तपासलं, आणि मग पाऊल उचललं. आमच्या बौद्ध सोसायटीचा सेक्रेटरी म्हणून दरवर्षी ठोकतो. सुमन म्हणते, तुम्ही श्वास घेता तिथेसुद्धा आता लोक टाळ्या वाजवतात.

मला एकच सांग. तुझे सहा जण पुढे गेले ते कोणत्या क्रमाने? आधी सर्जंट. मग? पैज लावतो, कॉर्पोरल, आणि मग साधे शिपाई.

मी कौन्सिलच्या हाउसिंग ऑफिसात अठ्ठावीस वर्षं आहे. एक गुरखा पेन्शनर आमच्याकडे येत. मी बोट ठेवीन तिथे सही करायचे. "समजलं?" विचारलं की "यस सर." एकदा मी घाईत दुसऱ्याच कुणाचा फॉर्म त्यांच्यापुढे सरकवला. त्यावरही सही केली. नंतर त्यांची सून म्हणाली, बाबांच्या लक्षात आलं होतं, पण चारचौघांत साहेबांची चूक कशी काढायची?

अशा माणसाने दोन वर्षं तुझ्या हातचं खाल्लंय. तू तुझ्या घरच्या कार्याला बोलावलंस. तो नाही म्हणेल? आणि सर्जंट उठला तर खालच्यांनी बसून राहायचं?

त्यांना एकेकट्याला बाजूला घेऊन विचारलंस का, एवढंच कळव.

तुझा,
शशी


स्लाऊ,
१९ मे २०२५

प्रिय शशीदादा,

सलाम.

क्रम विचारतोस? एक सर्जंट, दोन कॉर्पोरल, तीन रायफलमन. पैज जिंकलास, आता पेढे वाट. ती माणसं जन्मभर रांगेत चालली आहेत. रांगेत चालणाऱ्याला देव बोलावत नाही, असं कुठे लिहिलंय?

आणि विचारलं का म्हणजे काय? प्रत्येकाचा फॉर्म मी भरला. 'उमेदवाराला अर्थ समजावून सांगितला आणि त्याने समजून होकार दिला' अशी छापील ओळ असते. तिच्याखाली साक्षीदार म्हणून माझी सही आहे. सहाही फॉर्मांवर. झालं समाधान?

इथे सगळं उत्तम चाललंय. मंगळवारचं जेवण भरलेलं असतं. रविवारी उपासनेला मात्र सध्या पूर्णबहादूर योन्जन एकटाच येतो. तो सगळ्यांत धाकटा, म्हणजे सत्तरीचा. शेवटच्या बाकावर बसतो आणि शब्द बोलत नाही. त्याचं मला काही कळत नाही. बाकीच्यांचे गुडघे दुखतात, रविवारी बसेस कमी. ११ तारखेच्या रविवारी गुरुजी आणि मंडळी ऑल्डरशॉटला, दुसऱ्या दिवशीची बुद्धपौर्णिमा साजरी करायला गेली होती. पास्टरच्या कपाळाला आठ्या पडल्या, तेव्हा मी म्हटलं, तो त्यांचा गावजत्रेसारखा कार्यक्रम आहे, नातलग भेटतात. त्यांना पटलं.

तू हाउसिंग ऑफिसातून माणसं ओळखतोस. मी त्यांना माझ्या हाताने वाढते. फरक आहे.

उत्तराची घाई नाही.

वैजयंती


स्लाऊ,
१० सप्टेंबर २०२५

प्रिय शशीदादा,

सलाम.

तू उत्तर दिलं नाहीस, मीही फुगून बसले. आता फुगायला सवड नाही.

गुरुजी गेले. २४ ऑगस्टला, हॉस्पिटलमध्ये, न्यूमोनियाने. ५ तारखेला क्रिमेटोरियममध्ये पास्टरनी उपासना घेतली. ती संपल्यावर तामांग लोकांनी पेटीवर आपले पांढरे रेशमी रुमाल घातले. मी मनात म्हटलं, किती छान, दोन्ही झालं.

काल मंगळवारी त्यांची बायको, सुकमायाआमा, जेवण संपल्यावर मागे थांबली. त्यांच्यात माणूस गेला की एकोणपन्नास दिवसांच्या आत घेवा करतात. गेलेल्याचे कपडे मांडून त्याचं रूप उभं करायचं, सगळ्या नातलगांनी त्याला शेवटचं जेवू घालायचं, आणि मग लामा त्याला नावाने हाक मारून पुढची वाट दाखवतो. घेवा झाला नाही तर माणूस अध्येमध्येच घुटमळत राहतो, अशी त्यांची श्रद्धा. दिवस ठरलाय शनिवार, ११ ऑक्टोबर. तोच एकोणपन्नासावा. हॉल ठरलाय. पण रेडिंगच्या लामांनी नकार दिला.

त्यांनी आमची पत्रिका पाहिली. हौदात भिजलेले गुरुजी आणि खाली ठळक नाव. लामा म्हणाले, हा माणूस दुसऱ्यांच्या वहीत गेला. स्वतःहून गेला असेल तर त्याला मी हाक मारणार नाही, तो त्याचा अपमान होईल. कुणी नेला असेल तर ज्याने नाव लिहिलं त्याने येऊन मला सांगावं.

आमा चिडली नाही, रडली नाही. माझा हात धरून म्हणाली, "बेटी, नाम तुमने लिखा है. तुम काट दो." मग टेबलं पुसायला लागली.

दादा, मी काय करू?

वैजू


क्रॉयडन,
१४ सप्टेंबर २०२५

प्रिय वैजू,

जय भीम.

'मी म्हटलं नव्हतं?' असं पहिलं वाक्य लिहिलं होतं. सुमनने कागद फाडला. हा दुसरा.

गुरुजी गेल्याचं वाईट वाटलं. खरंच वाटलं.

यात विचार करण्यासारखं काय आहे? रेडिंगला जा आणि सांग, त्यांना कळलं नव्हतं, आमच्या लोकांनी घाई केली, नाव काढून टाकतो. अर्ध्या तासाचं काम आहे. ऑफिसात आम्ही चुकीच्या नोंदी रोज दुरुस्त करतो. अजून चार आठवडे हातात आहेत, पण तू चालढकल करशील, म्हणून या आठवड्यातच जा.

शशी


स्लाऊ,
२० सप्टेंबर २०२५

प्रिय दादा,

तुझ्यासाठी ती नोंद आहे. माझ्यासाठी नाही, हे तू एकदा समजून घे.

बाप्तिस्मा झाला म्हणजे माणूस देवाच्या हाती गेला, असं मी मानते. नुसतं म्हणायला नाही, खरंच मानते. आई गेली तेव्हा मी त्याच एका गोष्टीला धरून उभी राहिले. आता मीच देवाला म्हणू, हा परत दे, चुकून आला? आणि गुरुजींनी मनापासून घेतलं असेल तर? माझ्या एका वाक्याने मी त्यांना तिथून ओढून काढलं असं होईल. गप्प राहावं, तर त्यांनी घेतलं नसेल तर? मग आमा उरलेलं आयुष्य हेच धरून बसणार की नवरा कुठेतरी घुटमळतोय, आणि ते माझ्यामुळे.

ज्यांना विचारायचं ते गेले. इथेच सगळं अडलंय.

तू मे महिन्यात विचारलं होतंस. मी उत्तर दिलं नाही, फॉर्मची छापील ओळ लिहून पाठवली. ती ओळ खोटी आहे दादा. मी कुणाला काही समजावलं नव्हतं. वरण वाढलं, गाणी शिकवली, आणि ते पुढे आले तेव्हा मला इतका आनंद झाला की विचारायची भीती वाटली. विचारलं आणि नाही म्हणाले तर? म्हणून सही करून टाकली.

५ ऑक्टोबरला, रविवारी, लामांनी बोलावलंय. तू चल माझ्याबरोबर. तू बौद्ध आहेस, तुझं ऐकतील. मी एकटी गेले तर दारातच माझी बोबडी वळेल.

वैजू


क्रॉयडन,
२६ सप्टेंबर २०२५

प्रिय वैजू,

तू कबूल केलंस, तुझ्याबद्दलचा आदर वाढला. हे उपरोधाने लिहीत नाही.

पण मी येऊ शकत नाही. आम्ही बावीस प्रतिज्ञा घेतलेली माणसं. श्राद्ध नाही, पिंडदान नाही. कपड्यांचा माणूस करून त्याला भात भरवायचा, याला तू काय म्हणशील? मी आयुष्यभर याच्याविरुद्ध बोललो. आता लामांपुढे बसून 'कृपा करून एवढा विधी करा' अशी विनवणी करू? सोसायटीतल्या कुणी पाहिलं तर सेक्रेटरीपद बाजूलाच राहील, पुढच्या चौदा एप्रिलला लोक माझ्या तोंडावर हसतील. शिवाय ११ तारखेला आमचा धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा कार्यक्रम आहे आणि हॉलची किल्ली माझ्याकडे असते.

आणि खरं सांगू? ते लामा मला बौद्ध समजतील याचीच खात्री नाही. बुद्धाची मूर्ती सोडली तर त्यांच्यात आणि आमच्यात सारखं काय आहे, मलाच सांगता येणार नाही.

तू जा. तुला जमेल.

शशी


स्लाऊ,
६ ऑक्टोबर २०२५

शशीदादा,

गेले. एकटी.

आधी तुझ्या प्रतिज्ञांबद्दल. तुझे आजोबा छप्पन्न साली नागपूरहून दीक्षा घेऊन आले आणि घरातले देव ओढ्यात सोडले. आजी दोन दिवस जेवली नव्हती, हे तूच मला सांगितलंस, हसत. तिला कुणी विचारलं होतं? माझ्या पणजोबांनीही मिशनच्या शाळेतून परत येऊन बायकोला सांगितलंच होतं, विचारलं नव्हतं. आपल्या दोन्ही घरांना ही खोड जुनी आहे. तेव्हा तू माझ्यावर आदर वगैरे करू नकोस.

लामा म्हणजे झगेवाले, गंभीर कुणी असतील असं वाटलं होतं. दार उघडलं तर स्वेटर घातलेला साठीचा माणूस, एका केअर होममध्ये स्वयंपाकी. चहा दिला. आमा कोपऱ्यात बसली होती. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "आपने उनसे पूछा था?"

मी नाही म्हटलं.

मग म्हटलं, नाव कापायचा अधिकार मला नाही. ते देवाचं काम आहे, मी त्यात हात घालणार नाही. पण त्या नावाखाली जी सही आहे ती माझी आहे, आणि ती खोटी आहे. ती मी कापू शकते. लामांनी मग कागद पुढे केला. मी हिंदीत लिहिलं: 'हर्कमान मोक्तान यांना मी काही समजावलं नव्हतं, विचारलं नव्हतं, तरी समजावल्याची सही केली.' खाली पूर्ण नाव, पत्ता, तारीख. त्यांनी ते आमाला वाचून दाखवलं आणि म्हणाले, एवढं पुरे, घेवा होईल. आमाने पदराने नव्हे, चक्क माझ्या ओढणीने डोळे पुसले.

आज सकाळी तोच मजकूर इंग्रजीत पास्टरना दिला. ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, बाप्तिस्मा वहीत राहील, घडलेली गोष्ट आहे. शेजारी तुझं निवेदन जोडतो, पत्रिकेलाही कळवतो. मंगळवारचं काम मात्र आता दुसऱ्या कुणाला देऊ. मी मान हलवली. दोन वर्षं, दादा. दर मंगळवार. निघताना त्यांनी विचारलं, "आणि बाकीचे पाच? त्यांच्या फॉर्मवरही तूच आहेस." 

शनिवारी घेव्याला जाणार आहे. स्वयंपाकाला माणसं कमी आहेत.

वैजू


क्रॉयडन,
१३ ऑक्टोबर २०२५

प्रिय वैजू,

मी आलो होतो.

किल्ली सोसायटीतल्या परीक्षितच्या हातात दिली, त्याला म्हटलं भाषण तूच कर, मी श्वास घेतो तिथे टाळ्यांसाठी थांब. सुमनला सांगितलं कौन्सिलचं तातडीचं काम निघालंय. शनिवारी. तिने फक्त विचारलं, स्लाऊला छत्री लागेल का?

आत आलो नाही. पॅसेजमध्ये उभा राहिलो, दाराच्या काचेतून सगळं दिसत होतं. गुरुजींचा कोट, टोपी, त्यावर मेडलं. एकेक जण पुढे जाऊन ताटात काहीतरी वाढत होता. तुझी पाळी आली. तू हात जोडले नाहीस, वाकली नाहीस. डावभर वरण वाढलंस, थोडा वेळ उभी राहिलीस, आणि बाजूला झालीस. तुझ्या धर्मात ते बसतं का हे मी विचारणार नाही. मला ते पाहून रडू आलं. तुझी खोड मला लागली बहुतेक.

पॅसेजच्या टोकाला मोरी होती. तिथे एक माणूस बाह्या वर करून मोठाली पातेली घासत होता. तो आत जात नव्हता, मीही जात नव्हतो. मी फडकं घेतलं आणि पुसायला लागलो. तीन तास पुसत होतो. नाव विचारलं तर म्हणाला पूर्णबहादूर. मला बरं वाटलं, म्हटलं चला, आपल्यासारखा एक तरी तत्त्वाचा माणूस भेटला. त्याला बावीस प्रतिज्ञा हिंदीत समजावून सांगितल्या. त्याने शांतपणे ऐकल्या. शेवटी मी म्हटलं, "आप भी ये सब नहीं मानते ना?" तो म्हणाला, "मेरी बात कोई पूछता नहीं, साहब," आणि पुढचं पातेलं माझ्या हातात दिलं.

मी हसलो. घरी येताना ट्राममध्ये ते वाक्य मनातून जाईना. मे महिन्यात मी मोठ्या तोऱ्यात तुला लिहिलं होतं की ते सगळे हुद्द्याने चालतात. क्रॉयडनमध्ये बसून, एकालाही न भेटता. तीन तास शेजारी उभा राहिलो तरी त्याला स्वतःबद्दल एक वाक्य बोलू दिलं नाही.

आजीबद्दल लिहिलंस ते खरं आहे. आता विचारायला ती नाही.

पास्टरनी विचारलेल्या त्या पाचांकडे जा. आणि या माणसाला नीट विचार.

तुझा,
शशी


स्लाऊ,
२ नोव्हेंबर २०२५

प्रिय शशीदादा,

सप्रेम सलाम.

गेले. पाचही घरं झाली. घरात इतर कुणी नसताना, चहा नको म्हणून, समोर बसून विचारलं.

दोन्ही कॉर्पोरलना तर प्रश्नच गमतीचा वाटला. एक म्हणाले, "गुरुजी खड़े हो गए, तो हम कैसे बैठे रहते?" तू पैज जिंकलास ती जिंकलासच. दोघांनीही नाव काढा म्हणून सांगितलं. एक रायफलमन म्हणाला, तुम्हाला बरं वाटत असेल तर राहू द्या. मी म्हटलं, बाबा, मला बरं वाटायचा प्रश्न नाही. मग तोही म्हणाला काढा, आणि जाताना बटाट्याच्या भाजीची आठवण काढली. दुसऱ्याने दार उघडताच, मी विचारायच्या आधीच, हात जोडून माफी मागितली, नाव काढा म्हणाला. त्याची माफी ऐकताना मला इतकं मेल्याहून मेल्यासारखं कधी झालं नव्हतं. चौघांचे कागद मी पास्टरकडे दिले.

पाचवा पूर्णबहादूर.

एका खोलीचं घर. खिडकीशी टेबल, त्यावर हिंदी बायबल आणि भिंग. तीन वर्षांपूर्वी बायको गेली तेव्हापासून रोज एक पान वाचतो. डोळे साथ देत नाहीत, म्हणून एकच. मी प्रश्न विचारला. तो म्हणाला, "मैं तो अपने लिए उठा था."

झावळ्यांच्या त्या रविवारी पास्टरनी हाक दिली तेव्हा तो उठायला लागला होता, दादा. अर्धा उठलाही होता. मग लक्षात आलं, आपण सगळ्यांत खालचे, पुढच्या बाकावर गुरुजी बसलेत, त्यांना ओलांडून कसं जायचं? पुढेही जाववेना, खालीही बसवेना. बाकाला धरून तसाच अवघडून उभा राहिला. ते मिनिटभर कुणी हललं नाही म्हणून मी तुला लिहिलं होतं ना, तेव्हा हे चाललं होतं आणि मी पुढच्यांकडे बघत होते. गुरुजींनी मान वळवली, त्याला पाहिलं. मग उठले, कोटाचं बटण लावलं आणि चालायला लागले. त्याला वाट करून द्यायला. सर्जंट गेल्याशिवाय रायफलमन जाऊ शकत नाही, हे गुरुजींपेक्षा कोणाला जास्त ठाऊक? आणि ते उठले म्हणून बाकीचे चौघे उठले.

नंतर गुरुजी त्याला एवढंच म्हणाले होते, "तेरा काम हो गया ना?"

हे त्याने कुणाला सांगितलं नाही. कुणी विचारलंच नव्हतं. मी समजत होते सहाही जण आले, तू समजत होतास एकही आला नाही. घेव्याच्या दिवशी आत जाणं त्याला खोटं वाटलं, आणि न येणं त्याहून खोटं. म्हणून तो दिवसभर गुरुजींच्या जेवणाची भांडी घासत होता.

त्याचं नाव वहीत राहील. त्याच्या फॉर्मवर मी पुन्हा सही केली, या वेळी सगळं विचारून. मी खूश व्हायला हवं होतं. झालेही, पण मग त्याने एक गोष्ट विचारली. म्हणाला, मी गेल्यावर माझा घेवा होणार नाही, ते मी समजून केलंय. पण आमच्यात पेटी आमची माणसं उचलतात. ती आता येतील की नाही सांगता येत नाही, आणि चर्चमध्ये माझ्याशी कुणी बोलत नाही. मग उचलणार कोण?

पास्टरना सांगितलंय, येत्या रविवारपासून मी शेवटच्या बाकावर बसणार आहे. पण खांदा द्यायला चार माणसं लागतात. पहिलं नाव मी माझं दिलं. दुसरं तुझं देऊन टाकलं, तुला न विचारता. तो म्हणाला, "वो पतीले वाले साहब?" आणि पहिल्यांदा हसला.

तेव्हा आता विचारते. नाही म्हणालास तरी मी रडणार नाही, आणि तू समजून उमजून सांग. येशील का दादा?

तुझी,
वैजू